एकसष्ट किलो

"हे सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही, सिस्टर," वजनकाट्यावर चढता चढता काटेदादा म्हणाले, "पण मी एकदा एका दुकानदाराची शिंक तोलली होती. सव्वा ग्रॅम भरली."

"ओली की कोरडी?" दांडीवरचं वजन सरकवत नर्सनं विचारलं.

"कोरडी. ओलीला वेगळा काटा लागतो."

नर्स मास्कच्या आत हसली. दांडी दोनदा हलली नि स्थिर झाली. एकसष्ट किलो. सलग चौथ्या सकाळी एकसष्ट. तिनं तक्त्यावर आकडा लिहिला आणि ती गेली.

आता या माणसाबद्दल थोडं सांगायला हवं. काटेदादांनी चाळीस वर्षं वजनकाटे दुरुस्त केले. दुकानांतले, टपाल कचेरीतले, मालधक्क्यावरचे. तोंडानं ते वाटेल ते ठोकून देत. हत्तीची सावली तोलली, पावसाचा एक थेंब तोलून परत ढगाकडे पाठवला, काहीही. पण हाताखालून गेलेला काटा गुंजभरही खोटं बोलला नाही. "मागचा स्क्रू जरासा फिरवा की," असं डोळा मारून म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते पायरीवरूनच परत पाठवत.

मग रक्ताचा आजार झाला. हाडांच्या आतला रक्ताचा कारखानाच बिघडला, असं डॉक्टरांनी समजावलं. जबर औषधांनी तो जुना कारखाना मोडीत काढला आणि धाकट्या बहिणीच्या मूळपेशी त्यांच्या शिरेत सोडल्या. त्याला आज अठरा दिवस झाले होते. काचेची खोली त्यांची एकट्याची, तिथला काटाही त्यांच्या एकट्याचा.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "या औषधांनी कधीकधी यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या सुजून बुजतात. पाणी पोटात साठतं. सगळ्यात आधी कळतं ते वजनावरून. लवकर कळलं तर औषध आहे. उशीर झाला तर माझे हात बांधलेले."

हे ऐकताना धाकटीही शेजारी होती. तिनं एवढंच विचारलं, "माझ्या पेशींमुळे नाही ना होत?" डॉक्टर नाही म्हणाले. पण पुढे काटेदादांना साधा ताप आला, तर ही बाई दोन दिवस जेवली नाही. नर्सला एकटं गाठून विचारत राहिली, "माझंच रक्त त्याला बाधलं का?" नर्सनं ते काटेदादांना सांगितलं आणि तिथेच घात झाला.

पंधराव्या दिवशी सकाळी नर्स यायच्या आधी ते सहज काट्यावर उभे राहिले. बासष्ट. त्यांनी खाली उतरून चमच्याच्या दांड्यानं मागचा स्क्रू फिरवला. दुसऱ्या दिवशी आणखी थोडा. रिकाम्या काट्याकडे कोण बघतं? रक्ताचे अहवाल जरा वाकडे येत होते, पण वजन जागच्या जागी आहे म्हणून डॉक्टर म्हणत, "एक दिवस थांबून बघू." आणि चाळीस वर्षांत जे केलं नाही ते केल्याबद्दल काटेदादा उरलेला दिवस स्वतःशीच अबोला धरत.

त्या अठराव्या दिवशी अकराच्या सुमारास धाकटी आली. गाऊन, मास्क, टोपी, नुसते डोळे दिसत होते. ती शिंपीण. उकळून, इस्त्री करून नवा पायजमा आणला होता. नाडी त्यांना नको असायची, म्हणून कमरेला हूक.

"घाल बघू."

"उद्या घालतो. आज मूड नाही."

"पायजम्याला मूड लागतो? ऊठ."

उठले. हूक लागेना. पोट आत ओढलं, श्वास कोंडला, तरी दोन्ही टोकांत चांगली चार बोटं अंतर.

"तुझं माप चुकलं," काटेदादा म्हणाले. "वय झालं तुझं."

धाकटीनं खिशातून टेप काढली, त्यांच्या पोटाभोवती फिरवली. मग तक्त्यापाशी जाऊन बोट ठेवून आकडे वाचले. नर्स औषध घेऊन आत आली होती, तीही थांबली.

"बत्तीसचे छत्तीस झाले," धाकटी म्हणाली. "आणि वजन एकसष्टचं एकसष्ट. चार इंच काय वाऱ्याचे वाढले?"

"त्याचं असं आहे, एकदा एका फुगेवाल्याचा काटा माझ्याकडे—"

"दादा." ती हळूच म्हणाली. "काट्याला हात लावलास ना?"

नर्सनं हातातला ट्रे खाली ठेवला. काटेदादा पलंगाच्या कडेवर बसले.

"तुला वाटलं असतं, तुझ्यामुळे झालं."

"वाटलं असतं. रडले असते. रडून झाल्यावर जेवले असते. त्यासाठी तू मरायला निघालास? शहाणाच आहेस!"

काटेदादा उठले, काट्यामागे वाकले, श्वास पुरेना म्हणून एकदा थांबले, आणि दांडी रिकामी असताना मधोमध येईपर्यंत स्क्रू उलटा फिरवला. मग अनवाणी वर चढले. नर्सला हात लावू न देता वजन स्वतः सरकवलं. बासष्ट, चौसष्ट, साडेपासष्ट.

"लिहा," ते म्हणाले. "साडेपासष्ट. आणि मागचे चार आकडे खोडा. ते माझे आहेत, काट्याचे नाहीत."

पाच मिनिटांत डॉक्टर धापा टाकत आले. रागावायला त्यांना वेळ नव्हता. औषधाची बाटली टांगली गेली, यंत्रं आली. खालची पापणी ओढून त्यांनी डोळ्यांतला पिवळेपणा पाहिला. धाकटीनं विचारलं, "उशीर झाला का?" ते म्हणाले, "चार दिवस गेले. आज काही सांगू शकत नाही."

ती खुर्चीवर बसली. मांडीवर पायजमा घेतला आणि कमरेची शिवण एकेक टाका करून उसवायला लागली. कापडाला कुठे चीर गेली नाही.

डॉक्टरांनी काटेदादांच्या उजव्या बरगडीखाली बोटं टेकवली. "आता खरं सांगायचं. इथे दुखतं?"

काटेदादांनी बहिणीकडे पाहिलं. कपाळावर घाम डवरला होता, तरी चेहरा हसरा केला.

"छे! गुदगुल्या होतात."

"खोटं," धाकटी मान वर न करता म्हणाली. "पुन्हा दाबा, डॉक्टर."