कपाचा कान

मी विद्यापीठात गेले ती भांडायला.

माझ्या फार आवडीचा एक सिनेमा होता. लाँड्रीत इस्त्रीच्या कामाला लागले, त्या वर्षी पाहिला होता. त्यात घर सोडून गेलेली बहीण शेवटी परत येते. पुढे घरचे मालक वारले, माझे केस पांढरे झाले, आणि मग कुठे मी संध्याकाळच्या वर्गात अक्षरं शिकले. ज्या पुस्तकावरून तो सिनेमा काढला होता, ते पुस्तक मिळवलं आणि ओळीखाली बोट धरून वाचून काढलं. पुस्तकात बहीण परत येतच नाही. मला इतका राग आला की पुस्तक मिटून मी पलंगाखाली ढकललं. शेवट बदलायची परवानगी कोणी कोणाला दिली, हे विचारायला माणूस सापडेना. मग कळलं की विद्यापीठात हेच शिकवतात. कथा-कादंबरीचा सिनेमा कसा होतो, याचा अभ्यास. त्याला माध्यमांतर म्हणतात. शाळेची परीक्षा मी बाहेरून दिली होती, त्यावर प्रवेश मिळाला.

वर्गातली मुलं मला 'सीनियर' म्हणायची. शिकवायला मॅडम होत्या, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाच्या. त्यांचा एक नियम कडक होता. आधी पुस्तक, मग सिनेमा. ज्याचं पुस्तक वाचून झालेलं नाही, त्यानं पडद्याच्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही. माझं वाचन मुंगीच्या चालीचं. पहिले काही सिनेमे मी बंद दाराबाहेरच्या बाकावर बसून नुसते ऐकले. मुलं म्हणायची, सीनियर, उरलेलं आम्ही सांगतो, चला आत. मी गेले नाही. दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यातच जन्म गेला होता. आता पुरे झालं होतं ते. उधळ्या माणसासारखी मी डोळे खर्च करत राहिले, आणि हिवाळा सरता सरता दाराच्या आत आले.

शेवटची परीक्षा अशी होती, की प्रत्येकानं एका कथेतला प्रसंग पडद्यासाठी लिहायचा, वर्गातल्या मुलांनीच तो कॅमेऱ्यात घ्यायचा आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना दाखवायचा. पास झालं तर पुढच्या वर्षाला बसता येणार, नाहीतर घरी. मला पुढच्या वर्षाला बसायचंच होतं.

माझ्या वाट्याला बापलेकीची कथा आली. बाप फार वर्षांपूर्वी निघून गेलेला. एक दिवस तो परत येतो, पण ओळख देत नाही. घर विकायचं आहे असं ऐकलं, म्हणून बघायला आलो, म्हणतो. लेक त्याला दारातच ओळखते. तीही बोलत नाही. चहा देते, घर दाखवते, दारापर्यंत सोडायला येते. जे काही चालतं ते सगळं तिच्या मनात.

मी मन लावून लिहिलं. लेक काम करते आणि मागून तिच्या मनातलं कोणीतरी वाचतं, असं केलं. कथेतला एकही शब्द मी गाळला नाही. ज्या शब्दापाशी मी घटकाभर अडून बसले होते, तो टाकवेल कसा? तालमीत लेक चहा ओतून उभी राहिली, चहा गार झाला, वरची साय घट्ट झाली, तरी मागचं वाचन चालूच. बापाचं काम करणारा मुलगा, ज्याला सगळे 'दाढी' म्हणायचे, तो म्हणाला, सीनियर, आता बापाला रात्री मुक्कामालाच ठेवून घ्या. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"आजी, हे वाचन झालं. यात बघायचं काय?"

"यातला कोणता शब्द खोटा आहे ते सांगा. तेवढा काढते."

"एकही खोटा नाही. पण बघणाऱ्याला वाचता येत नाही, असं धरून लिहा."

त्या सहज बोलून गेल्या. मला ते घरापर्यंत टोचत राहिलं. आणि घराचं दार उघडलं तर वाचता न येणारं माणूस समोरच बसलेलं.

मी आणि माझी थोरली जाऊ एकत्र राहतो. दोघींचेही मालक नाहीत. जाऊबाईंना अक्षर येत नाही आणि शिकायचंही नाही. पण मी जे वाचीन ते मोठ्यानं वाचायचं, असा त्यांचा हुकूम. ही एक कथा अजून त्यांना वाचून दाखवली नव्हती; ती मी आता मुद्दाम दडवली, नुसतं बघून त्यांना काय कळतं ते पाहायला. त्यांनी तोंड फुगवलं. ताट माझ्यापुढे जरा जोरानं ठेवायला लागल्या. मला वगळून वाचतेस, म्हणाल्या, शिकलीस ना आता.

मी त्यांना पलंगावर बसवलं, रिकाम्या खुर्चीला बाप केलं आणि स्वतः लेक झाले. तोंडातून शब्द काढायचा नाही, असं ठरवून. आधी मी बापाकडे बघून डोळे भरून आणले. जाऊबाईंनी विचारलं, कांदा चिरत होतीस का? मग त्याला बघून हातातला चमचा पाडला. म्हणाल्या, हात थरथरतात तुझे, डॉक्टरला दाखव. भिंतीवरच्या फोटोकडे आणि मग खुर्चीकडे बघितलं, तर म्हणाल्या, भाडेकरू आहे का तो, मग आगाऊ पैसे घे. मी पुन्हा करत होते, त्या पुन्हा तसंच काहीतरी म्हणत होत्या. मी हट्टाला पेटले. त्यांना मात्र करमणूक झाली, आणि ताट हळू ठेवायला लागल्या.

शेवटी कथा पुन्हा पहिल्या ओळीपासून धरली. मधे एका ठिकाणी लेकीला लहानपण आठवतं. बाप तिची वेणी घालायचा, डावखुरा होता, म्हणून पेड उलटे पडायचे आणि शाळेत मुली हसायच्या. तिथे माझं बोट थांबलं.

काय करायचं ते दिसलं, पण करवेना. कारण ते कथेत नव्हतं. नसलेलं घालायचं म्हणजे त्या सिनेमावाल्यानं केलं तेच, आणि मी तर त्याच्याशी भांडायला आले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात गेले तेव्हा माझं ठरलं होतं. मागचं सगळं वाचन काढून टाकलं. मॅडमनी पानं बघितली आणि कॅमेरा लावायला सांगितलं. जाऊबाईंना या वेळी काही करून दाखवलं नाही.

परीक्षेच्या दिवशी त्यांना सोबत नेलं. पडद्याच्या खोलीत मागच्या रांगेत बसवलं. पुढे परीक्षक बसले होते, जाड चष्मा, मान ताठ. दिवे मालवले.

पडद्यावर बाप हात पाठीमागे बांधून खिडकीबाहेर बघतोय. लेक कपबशी टेबलावर ठेवून वळते. दोन पावलं जाते, थांबते, परत येते आणि कपाचा कान दुसऱ्या बाजूला फिरवते. निघून जाते. बाप येऊन बसतो, डावा हात पुढे करतो, आणि कान बरोबर त्याच्या हाताशी येतो. त्याचा हात तिथेच राहतो.

अंधारात मागून आवाज आला, "डावखुरा आहे तो. हिला आधीच ठाऊक." आणि थोड्या वेळानं, "मग बोलत का नाही मेली?"

कोणी हसलं नाही.

दिवे लागल्यावर परीक्षकांनी मला उभं केलं. "हा कप कथेत कुठे आहे?"

"कथेत नाही."

"म्हणजे तुम्ही लेखकाची कथा बदललीत."

"बदलली. डावा हात लेखकाचा आहे, कप माझा. लेखकानं 'तिनं ओळखलं' असं लिहिलंय. ते त्या मागे बसलेल्या बाईंपर्यंत पोचत नव्हतं. परवानगी कोणाची घेतली म्हणाल तर कोणाचीच नाही. चुकलं असेल तर माझ्या नावावर लावा."

त्यांनी ते लिहून घेतलं. घर दाखवण्याचा भाग का गाळला, हेही विचारलं, आणि त्याचं उत्तर मला धड देता आलं नाही. त्याचे गुण कापले त्यांनी. तरी पास झाले. काठावर का होईना, पुढच्या वर्षाची जागा मिळाली. बाहेर आल्यावर दाढी जाऊबाईंच्या पाया पडायला निघाला, तर त्या म्हणाल्या, आधी घरी का येत नव्हतास ते सांग.

त्या संध्याकाळी मी ती कथा जाऊबाईंना वाचून दाखवायला बसले. अर्ध्यावर त्या अस्वस्थ झाल्या.

"एवढं सगळं सांगायची काय गरज होती गं त्या लिहिणाऱ्याला? कप पुरे होता."

"कप माझा होता, जाऊबाई. हे त्याचं आहे. गप्प बसा आणि ऐका."

मी ओळीखाली बोट धरलं आणि पुढे वाचत गेले. एकही शब्द न गाळता.