गेटबाहेरचे फोन

"काल तीनदा फोन लावला बाबा. बंदच." डब्याचं झाकण दाबत प्रतिक्षा म्हणाली.

"मंग लागन कसा? चालूच नव्हता केला." सायकलच्या चाकातली हवा अंगठ्यानं दाबून पाहत गुलाबनं उत्तर दिलं.

"गेटवर परत भेटते ना तुमाले?"

"भेटते. पन घरी आल्याबिगर मी त्याले हात लावत नाही. दिवसभर माह्याबिना काही अडलं नाही, ते घरी येईलोक अडन का?"

"उद्या मी मेली तरी यायले सायकलवरून उतरल्यावरच समजन," धुरपता आतून बोलली.

"तू कायले मरतं? मंग माह्या डोस्क्यावर मिरे कोन वाटन?"

मायलेकी दोघीही हसल्या. गुलाबनं डबा हँडलला अडकवला आणि तो कामावर गेला.

जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत मोबाईल आत नेता येत नसे. सुटी झाली की माणसं गेटवरून आपापला फोन घेत आणि दिवसभराचं साचलेलं सगळं एकदम त्यांच्यावर कोसळे. लेकराचा ताप, संपलेला गॅस, साळ्याचं भांडण. मोटारसायकल सुरू करता करताच मंडळी फोन हेल्मेटात खोचून बोलू लागत. "त्या वक्ताले रस्त्यावर मानूस नसते, नुसते कान असते," असं गुलाब म्हणे. म्हणून तो टपरीवर चहा पीत बसे आणि गर्दी ओसरली की सायकल काढी. जोडीदार त्याला हसत. हसोत बापडे.

त्या दिवशीही तो गर्दी ओसरल्यावरच निघाला. पण त्याच फॅक्टरीतला, शेजारचा विनोद कामात अडकून उशिरा सुटला होता. शहापूरच्या अलीकडे त्याच्या मोटारसायकलनं गुलाबला मागून उडवलं. दवाखाना येण्याआधीच सगळं संपलं.

दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारणी पाळीनं जेवण आणत. तिसऱ्या दिवशी विनोदची बायको रीना भाताचं गंज घेऊन आली. स्वयंपाकघरात प्रतिक्षाला एकटी पाहून तिनं ते भांडं खाली ठेवलं आणि तिचा हात धरला.

"ताई, फोनवर मीच होती. पोराच्या शाळेचं सांगून राहिली होती त्यायले. मंग आवाज आयकला मी." तिनं दाराकडे पाहिलं. "कोनाले सांगजा नोको. मले घरात ठेवनार नाहीत."

प्रतिक्षानं ते कुणाला सांगितलं नाही. खरं बोलणारी माणसं तिनं पुस्तकांत पुष्कळ पाहिली होती. त्यांच्या शेजारी रीना राहत नव्हती.

तिच्या गप्प राहण्यात गावानं आपली गोष्ट रचून टाकली. गुलाबभाऊ एकदम आडवे आले. ऐकू कमी येत होतं त्यांना. जिवंत असताना ते कुणाच्या कानावर आलं नव्हतं.

गुलाबच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धविहार भरला. वंदना झाली. मग वस्तीतले वडीलधारे हिरालालमामा बोलायला उभे राहिले.

"गुलाबसारखा सज्जन मानूस भेटनार नाही. पन वय झालं होतं. ध्यान नसन त्या दिवशी त्याचं. विनोद आपलाच पोरगा हाय, त्याले बोल लावून का भेटनार? होनी होती, झाली."

प्रतिक्षा उठू लागली. धुरपतानं तिचा पदर ओढला. "बस माय. आपल्याले इथंच राहाचं हाय."

"मले बी इथंच राहाचं हाय, आई." तिनं पदर सोडवून घेतला. "मामा, आपल्या बुद्धाच्या विहारात होनी कवापासून आली?"

कुणीतरी खाकरलं. हिरालालमामांनी चष्मा काढून हातात घेतला.

"पोरी, तू होती का तिथं?"

"नाही."

"मंग कोनं सांगतलं तुले?"

भिंतीकडेला पोराच्या केसांतून फिरणारा रीनाचा हात थांबला. प्रतिक्षानं तिकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"सायकलीनं. अंगनात उभी हाय, कोनीबी येऊन पाहा. मागचं चाक सीटखाली घुसलं, पुढचं जसंच्या तसं. आडवा येनाऱ्याले बाजूनं लागते, मामा."

विनोद प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन खाली मान घालून बसला होता. इतके दिवस सगळे अपघात म्हणत होते. तीही म्हणत होती. ती दोन रांगा ओलांडून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तो वर पाहीपर्यंत थांबली.

तिचा आवाज चढला नाही.

"विनोद, माह्या बाबाचं ध्यान रस्त्यावर होतं. गेटवरून निघतानी सारे बोलते तसा तूबी फोनवर बोलून राहिला होता. अन् तू त्यायले मारलं."