सातवा हात

मी पोस्टर बोलतोय. सिनेमाच्या किंवा दंतमंजनाच्या पोस्टरांशी माझं नातं जोडू नका, मी अधिकृत घराण्यातला आहे. नारिंगी पोशाखातले तीन अंतराळवीर, मागे तांबडा मंगळ, तिघांच्या हातांत तीन हेल्मेटं आणि खाली मोहिमेचं गोल बोधचिन्ह, असा माझा थाट. माझ्यासमोर उभं राहिलं की माणसं आपोआप पोट आत घेतात.

आता खरं सांगतो. हे तिघं मंगळावर चाललेले नाहीत. आयर्लंडमधल्या ॲथलोनपासून गाडीनं पंचवीस मिनिटांवर एक दलदलीचं माळरान आहे, तिथे पत्र्याचा एक पांढरा डबा उभा केलाय. त्यात एकवीस दिवस स्वतःला कोंडून घ्यायचं आणि आपण मंगळावर आहोत असं वागायचं, एवढीच मोहीम. मंगळावर पाऊस पडत नाही आणि इथे तो थांबत नाही, तेव्हा बरंचसं मनानंच धरून चालायचं.

पण म्हणून फोटो चुकतो थोडाच? मोहिमेच्या संयोजक शिनेडबाईंनी फोटोसाठी बारा पानांचे नियम धाडले होते. कमांडर मधोमध आणि अर्धं पाऊल पुढे. उजेड सगळ्यांवर एकाच बाजूनं. हसू असावं, पण दात फार दिसू नयेत. खरी हेल्मेटं कशी वापरायची याची सूचना मात्र दीड पानाची होती.

कमांडर होती रेवती. मूळची अमरावतीची, पुण्यात इंजिनिअर झालेली, आता ॲथलोनच्या एका टेलिकॉम कंपनीत. तिच्याबरोबर ओशीन नावाचा सहा फूट दोन इंचाचा दाढीवाला भूगर्भशास्त्रज्ञ आणि लिमरिकच्या इस्पितळातली नीव नावाची डॉक्टर. मला घडवायचं काम आलं रेवतीच्या नवऱ्याकडे, अभिजितकडे. मोबाइलच्या पडद्यावर कुठलं बटण कुठे असावं हे ठरवणं हा त्याचा धंदा, म्हणून घरातली सगळी चित्रकला आपोआप त्याच्या गळ्यात.

आणि नेमक्या त्याच दिवसांत रेवतीची आई, लताबाई, तीन महिन्यांसाठी ॲथलोनला आल्या होत्या. लेकीनं विमानतळावरून घरी येताना गाडीतच सांगून टाकलं की आई, मी यातले तीन आठवडे मंगळावर असणार आहे. लताबाईंनी खिडकीबाहेरच्या मेंढ्या बघितल्या आणि तेव्हापासून लेकीशी बोलणं बंद केलं. जे काही बोलायचं ते जावयामार्फत.

"जावईबापू, तुमच्या बायकोले सांगा, भाजी करपून राहिली."

बायको दोन हातांवर, गॅससमोरच उभी. अभिजित बिचारा इमानदारीनं निरोप पोचवायचा आणि रेवती उलट टपाल द्यायची, "आईला सांग, पाहिलं मी."

रेवतीला आईकडून काही फार नको होतं. तिनं एकदा तोंडानं 'जा' म्हणावं, एवढंच. दहावीनंतर अमरावती सोडताना, पुणं सोडताना, देश सोडताना प्रत्येक वेळी आई तो शब्द म्हणाली होती. या वेळी तो अडला होता, आणि तो मिळाल्याशिवाय डब्याचं दार लावून घेणं रेवतीच्या जिवावर आलं होतं. शिनेडबाईंना तिनं दोनदा विचारलंही, कमांडर बदलायचा झाला तर किती दिवस आधी कळवावं लागतं म्हणून.

त्यात फोटोचा विषय निघाला.

"तिघांचा?" लताबाईंची पोळी तव्यावर तशीच राहिली. "जावईबापू, तिघांचा फोटो नाही काढत. त्यातलं एक कमी होते. आमच्या नणंदेच्या लग्नात काढला होता, मले माहीत आहे."

"आई, त्यात सायन्स काही नाही," अभिजित म्हणाला.

"नसन. पण फोटोही नसन."

आता अभिजित हा सासूला घाबरणारा आणि शिवाय हुशार, असा दुहेरी धोकादायक माणूस. त्यानं रात्रभर विचार केला नाही, चहा संपायच्या आत तोडगा काढला. तिघांचा फोटो काढायचाच नाही. एकेकट्याचे तीन काढायचे आणि कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी चिकटवायचे. लताबाईंनी बराच वेळ त्यात खोट शोधली, ती सापडली नाही, तेव्हा लबाडी होऊ नये म्हणून स्वतः हजर राहायचं ठरवलं.

फोटो निघाले कम्युनिटी हॉलमध्ये, करड्या चादरीपुढे. हेल्मेट एकच होतं, ते तिघांनी पाळीपाळीनं धरलं. म्हणूनच माझ्यावरच्या तीनही हेल्मेटांच्या काचेत त्याच हॉलची तीच किटली चमकते. अंतराळवीरांचे पोशाख बघून लताबाई म्हणाल्या, "रस्त्यावर डांबर टाकणारे घालतात, तसंच आहे हे." रेवतीला इतकं अवघडलेलं कुणी पाहिलं नसेल. शंभर फोटो झाले, दीडशे झाले. प्रत्येकात ती व्हिसाच्या खिडकीपुढे उभी असल्यासारखी.

मग तिच्या पोशाखाची कॉलर एका बाजूला दुमडली गेली. अभिजित काही म्हणायच्या आत लताबाई खुर्चीतून उठल्या. अबोला चालू होता, तो मोडायचा तर प्रश्नच नव्हता. त्यांनी तोंडातून शब्द न काढता कॉलर सरळ केली आणि मग हात उचलायच्या ऐवजी क्षणभर तो लेकीच्या खांद्यावर तसाच ठेवला. रेवतीचा चेहरा सैल पडला. दात फार न दिसता ती हसली. कॅमेरा वाजला, चौकटीत लताबाईंचा फक्त हात आला आणि दोनशे बारा नंबरचा फोटो निघाला, ज्याला मी आज माझं हृदय म्हणतो.

अभिजितला त्यात फक्त बायकोचा चेहरा दिसला. पाच वाजता छापखाना बंद होणार होता. त्यानं रेवतीला मधोमध ठेवलं, तिच्या मागे डावीकडे ओशीनला बसवलं, खांद्यावरचा हात इतका झकास जुळला की तो ओशीनचाच असणार असं त्यानं गृहीत धरलं. ओशीनचे स्वतःचे दोन हात हेल्मेटाला घट्ट धरून बसलेत, हे मोजायला वेळ कुणाला होता?

छापखान्यातला म्हातारा मला यंत्रातून ओढताना थबकला. चष्मा वर करून म्हणाला, "युअर मॅन विथ द बिअर्ड हॅज थ्री हँड्स. वन ऑफ देम हॅज बँगल्स." अभिजित फोनवर होता. त्यानं मान डोलावली आणि मला गुंडाळून घरी आणलं.

दिवाणखान्यात माझी गुंडाळी सुटली आणि रेवती माझ्यावर वाकली. मी ए-वन मापाचा, चांगला पावणेतीन फूट उंच, लपवायची काही सोय नाही. ओशीनच्या तिसऱ्या हातात दोन हिरव्या काचेच्या बांगड्या आणि एक सोन्याची पाटली. रेवतीनं बोट ठेवून हात मोजले. सात.

"अभि, हे काय आहे?"

"अरे यार," अभिजित म्हणाला. "दोन मिनिटांचं काम आहे, काढून टाकतो."

रेवती हसता हसता खाली बसली. लताबाई जवळ आल्या, माझ्याकडे वाकून स्वतःचा हात ओळखला आणि आत निघून गेल्या. त्यानंतर निरोपाचं टपालसुद्धा बंद झालं. अभिजितनं खरंच दोन मिनिटांत हात पुसला, माझा सुधारलेला भाऊ छापून आणला आणि मला कचऱ्याच्या हिरव्या बिनमध्ये उभं केलं. बटाट्यांच्या पिशवीशेजारी माझी एक रात्र गेली. सकाळी रेवतीनं बाहेर येऊन मला ओढून काढलं, कोपरा पुसला आणि कुणाला न सांगता आपल्या सामानाच्या पेटीत सरकवलं. प्रत्येकाला खाजगी वस्तूंसाठी एक किलोची परवानगी होती. तिनं त्यासाठी शेंगदाण्याच्या चटणीची बरणी मागे ठेवली, यावरून माझी किंमत ओळखा.

निघायच्या दिवशी विद्यापीठाच्या हॉलमध्ये समारंभ झाला. शिनेडबाईंनी भाषण केलं, पडदा सरकला, माझा भाऊ दिसला आणि टाळ्या पडल्या. सहा हात, सगळे शिस्तीत. मी व्यासपीठाच्या कडेला पेटीच्या फटीतून सगळं बघत होतो. पुढच्या रांगेतून कुणीतरी उठल्याचा आवाज आला.

लताबाई थेट पोस्टरपाशी गेल्या. रेवतीच्या खांद्यावर, जिथे आता नुसता नारिंगी रंग होता, तिथे त्यांनी बोट फिरवलं. मग वळून, एकोणीस दिवसांत पहिल्यांदा, लेकीकडे बघत बोलल्या.

"माझा हात कायले पुसला?"

"आई, हा ऑफिशियल आहे. यात फक्त क्रू लागतो."

"अन् मले विचारलं कोणी?"

रेवती पेटीपाशी आली, मला बाहेर काढलं आणि सगळ्यांसमोर उघडून धरलं. "आई, मी हा घेऊन चालले आहे. तुझ्या हातासकट."

हॉलमध्ये मराठी कळणारी तीनच माणसं होती, पण माना सगळ्यांच्या वळल्या. लताबाईंनी चष्मा सावरला. आधी रेवतीवर बोट ठेवलं, मग ओशीनवर, मग नीववर, आणि शेवटी त्या बांगड्यांच्या हातावर.

"हे पाह्य," त्या म्हणाल्या. "हे तं चौघं झाले. मंग काही हरकत नाही."

रेवती आता उघड रडत होती. कमांडरनं रडावं की नाही याबद्दल बारा पानांत एक ओळही नव्हती.

"रडून कायले राहिली? जाय," लताबाई म्हणाल्या. "डब्यात वेळेवर जेवत जाय."

आज डब्यातला माझा नववा दिवस. मी रेवतीच्या बिछान्यावर चार चिकटपट्ट्यांनी टांगलेला आहे. दमट हवेनं माझा एक कोपरा वळलाय आणि ओशीन माझ्या खालच्या काठावर आपले मोजे वाळत घालतो, तरी माझी तक्रार नाही. माझा भाऊ विद्यापीठाच्या काचेच्या चौकटीत आहे, लोक त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. काढू देत.

तुम्हाला एकच विनंती. पुढे कधी एखाद्या वीरांच्या तुकडीचं अधिकृत छायाचित्र बघाल, तेव्हा चेहरे बघून झाले की हातही मोजा. ते बरोबर भरले, तर समजा की कुणाचा तरी पुसलाय.