लझान्याचा बाप

नीवेसने शाळेत लझान्यावर निबंध वाचला, पहिला नंबर पटकावला आणि गावाचं उत्सवाचं जेवण बंद पाडलं.

पोळ्या आणि खिम्याचे थर लावून भट्टीत भाजायच्या या पदार्थाचा शब्द आला कुठून, यावर विद्वानांचं जमत नाही, असं तिने ठणकावून वाचलं होतं. कुणी म्हणतं ग्रीकांच्या पातळ पोळीवरून, कुणी म्हणतं चुलीवरच्या तिवईवरून, आणि काहींच्या मते त्याच तिवईच्या नावाने ग्रीक लोक रात्री लघवीसाठी खाटेखाली ठेवायचं भांडंही ओळखायचे.

पहिल्या रांगेत आर्जिया आत्या बसली होती. बिनलग्नाची, अंगाने दणकट. गेली चाळीस वर्षं संताच्या उत्सवाला तीनशे ताटांची लझान्या तीच लाटायची. ती घरी गेली, लाटणं कपाटात कोंडलं, किल्ली गळ्यात अडकवली. भांड्याचा निकाल लागेपर्यंत पिठाला हात लावणार नाही, असं तिने पाद्रीबाबांना कळवलं.

उत्सव परवावर आला होता. उत्सव समितीने जेवणाचे काटे वर करून मतदान घेतलं. पोळीला अकरा, तिवईला अकरा, आणि एक मत भांड्याला. ते ओरेस्ते खाटकाचं. आत्याने त्याच्या खिम्याला एकदा नावं ठेवली होती.

आत्याने निकाल धुडकावला. "काटे वर करून शब्दाचा बाप ठरत नसतो. पालिकेचा शिक्का आणा."

नाहीतर शेजारच्या गावातून कारखान्यातल्या तयार पोळ्या आणायच्या, आणि ते पाप जन्मभर नीवेसच्या नावावर. ती धावत पालिकेत गेली. कारकून एर्मेतेकडे माणसांचे अर्ज होते, कुत्र्यांचे होते, शब्दांचा नव्हता. शेवटी त्याने जन्मदाखला काढला. नाव लझान्या, लिंग स्त्री.

"पोरी, तीन बाप रकान्यात मावत नाहीत. अज्ञात लिहितो. आईचं नाव सांग."

"आर्जिया," नीवेस बोलून गेली.

आत्याने दाखला दोनदा वाचला. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. मग गळ्यातली किल्ली काढली.

"आई मी आहे ना? मग बाप कुणी का असेना. पीठ चाळायला घे."

रविवारी दाखला भट्टीवर टांगला होता. दोनशे नव्याण्णव माणसं ताटात जेवली. ओरेस्तेला मात्र आत्याने कोऱ्या करकरीत, झाकणाच्या मुतपात्रात वाढलं. त्याने ते चाटूनपुसून रिकामं केलं आणि पुन्हा पुढे धरलं.