विसाव्यापर्यंत

"काका, दोन्ही खांद्यांवर घ्या ना. एकाच खांद्यावर कायले घेता?"

जिम शिकवणारा ऋषिकेश पुन्हा पुन्हा तेच सांगत होता आणि जगदेव पुन्हा पुन्हा तेच करत होता. वजनाची चकती न लावलेला नुसता लोखंडी रॉड, पण तो मानेमागे दोन्ही खांद्यांवर घ्यायचा सोडून हा माणूस उजव्या खांद्यावर पुढे-मागे लांब धरायचा. मग तो कलंडणार नाही तर काय होणार! शेवटी ऋषिकेशनं तो आरशावर आदळता आदळता झेलला. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं तोंडावर टॉवेल धरून हसली.

"लाकडाची बल्ली हाये का काका ही? बैठक मारतानी भार दोनीकडं सारखा पायजे."

"मले उजव्यानंच उचलाचं हाये," जगदेव म्हणाला.

"असं काय उचलाचं हाये तुमाले?"

जगदेवनं रॉड परत मागून घेतला. पोरांतला एक जण मेडशी गावातलाच, जगदेवच्या गल्लीतला होता. त्याचं हसू मात्र मधेच थांबलं. त्यानं टॉवेल गळ्यात टाकला आणि आरशाकडे पाठ केली.

मेडशीत हायवेला लागून, टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर ही जिम निघाली, तेव्हा तिथं जगदेव टेलर पाऊल ठेवील असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. पन्नाशीला टेकलेला माणूस. सगळा जन्म शिलाई मशीनवर वाकून गेलेला. पोट असं की कापड कापताना टेबलाची कड त्यात रुतायची. शाळेच्या गणवेशांच्या उरलेल्या निळ्या कापडाची त्यानं स्वतःसाठी ट्रॅकपँट शिवली आणि सवयीनं तिला प्लेटा टाकल्या. प्लेटा टाकलेली ट्रॅकपँट घालून व्यायामाला येणारा माणूस जिल्ह्यात तरी दुसरा नसेल.

बायको संगीतानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "या वयात बॉडी करून कोनाले दाखवता?" तिनं थट्टा केली, पण रात्री चणे भिजत घालायला विसरली नाही. ऋषिकेश म्हणायचा, "काका, बाहेरची पावडर-बिवडर नका घेऊ. सोयाबीनच्या वड्या खा, आपल्या मुलखात त्याले काय तोटा!" जगदेव वड्या खायचा, चणे खायचा, दम लागेपर्यंत बैठका मारायचा आणि दुकानात आला की मशीनचं पायडल मारताना त्याच्या मांड्या थरथरायच्या. कशासाठी हे सगळं, ते त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

दोन वर्षांपूर्वी त्याचे वडील गेले. बाबा मोठ्या हाडापेराचे होते. आजारातही अंग उतरलं नव्हतं. थोरला नानाजी विस्तवाचं मडकं घेऊन पुढे चालला होता आणि तिरडीला पुढून उजवा खांदा होता धाकट्या जगदेवचा. गावाची रीत अशी की घरातून उचललेली तिरडी विसाव्याआधी वाटेत कुठेही टेकवायची नाही. नाल्याच्या अलीकडे कडुनिंबाखाली एक चपटा दगड आहे, तो विसावा. तिथं तिरडी खाली ठेवायची, खांदेकऱ्यांनी जागा बदलायच्या आणि मग स्मशानाकडे निघायचं. मेलेला माणूस तिथं घराचा शेवटचा निरोप घेतो म्हणतात.

जगदेव विसाव्यापर्यंत पोचलाच नाही. भाऊसिंगच्या पिठाच्या गिरणीसमोर त्याचा श्वास अडकला, डोळ्यांपुढे काळं आलं आणि गुडघे दुमडले. तिरडीचा कोपरा दाणकन जमिनीवर आपटला. चेहऱ्यावरचं कापड सरकलं आणि बाबांची मान गिरणीकडे वळली. लोकांनी धावत येऊन तिरडी उचलली, जगदेवला बाजूला बसवलं, पाणी पाजलं. कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं! फक्त एक म्हातारा पुटपुटला, "मधीच टेकला मानूस. आता तो पुढं जाते कायले?"

एवढं वाक्य गावाला पुरलं. गिरणीसमोरची ती जागा तेव्हापासून मोकळी राहिली. दळणाचे डबे डोक्यावर घेतलेल्या बाया तिथं आल्या की वळसा घालत. कोणी तिथं सायकल टेकवत नसे. भरदुपारी त्या जागेवर तंबाखूचा वास येतो, असंही एक-दोघांनी सांगितलं. बाबा तंबाखू मळायचे हे खरं. पण मेडशीत तंबाखू कोण मळत नाही?

जगदेवला मात्र वास-बिस काही येत नसे. त्याला भार जाणवायचा. मशीनवर बसलं की उजव्या खांद्यावर बांबू टेकल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी फोटो काढून पाहिला आणि काही नाही म्हणाले. काही नाही हे त्यालाही ठाऊक होतं. पण कधी मशीन थांबलं आणि दुकान शांत झालं की मागे कोणीतरी बसलंय, दम खात बसलंय, असं वाटून त्याच्या मानेवर काटा यायचा. मग तो गरज नसताना मशीन चालवायचा.

आता घरात माय होती. प्रयागबाई थकत चालली होती, तिचं जाणं आज ना उद्या ठरलेलंच होतं. तिला तरी वाटेत टाकायचं नाही, घरापासून विसाव्यापर्यंत एका दमात न्यायचं, एवढ्यासाठी हा माणूस सकाळी लोखंडाशी झटत होता.

पावसाळा सरला, सोयाबीन घरात आलं, तुरी फुलावर आल्या. जगदेवचं पोट टेबलापासून वीतभर मागे सरकलं. रॉड आता मानेमागे नीट बसायचा आणि त्याला चकत्याही लागल्या. "कमर ताठ, टाचा जमिनीले, श्वास भरून उठा," ऋषिकेश म्हणायचा आणि काका उठायचे. पोरं हसायची थांबली होती. इकडे हा भरत होता आणि तिकडे माय वाळत होती. दिवाळीनंतर तिचे गुडघे गेले. रोज सांजच्याला ती काठी टेकत गिरणीपर्यंत जायची आणि पायरीवर तासभर बसायची, तेही बंद झालं.

एका सकाळी जिममधून आल्यावर घाम पुसत तो तिच्या खाटेपाशी बसला. तिनं त्याचा दंड चाचपून पाहिला.

"खरं सांग, कायले जातं रे त्या तालमीत?"

खोटं बोलायचं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तिनं दंड सोडला नाही.

"तुह्यासाठी जातो, माय," तो म्हणाला. "बाबाले मी पाडलं. तुले नाही पाडनार."

प्रयागबाई त्याच्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. हसता हसता खोकला लागला, डोळ्यांतून पाणी आलं.

"येडं रे माहं लेकरू! अरे, तू मले खांदा देनारच नाहीस. बापाची आग थोरल्याच्या हाती अन् मायची धाकट्याच्या. मडकं तू धरशीन, पुढं तू चालशीन. खांदा नानाजी देईन."

जगदेवच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. पन्नास प्रेतयात्रांना गेला असेल तो. गावात ही रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण दोन वर्षं त्याच्या डोक्यात एकच चित्र होतं, नानाजी पुढे मडकं घेऊन आणि आपण मागे तिरडीखाली. मायच्या वेळी माणसं बदलतात, हे त्याला एकदाही सुचलं नव्हतं. तो स्वतःवर हसणारही होता, पण हसू आलं नाही. बाबांचं देणं आता कधीच फिटणार नव्हतं.

"मंग मी हे सारं कायले केलं?" तो म्हणाला.

मायनं त्याचा दंड सोडला. मग हळूच म्हणाली, "ते इचारत असतात मले."

"कोन?"

"तुहे बाबा. गिरनीपाशी. 'जगदेव आला का?' म्हनतात. राग नाही रे त्याहिले. वाट पाहून राह्यले."

स्वयंपाकघरात भाकरी थापायचा संगीताचा आवाज थांबला होता.

"मी गेली का त्याच वाटेनं नेतीन मले," माय पुढे म्हणाली. "विसाव्यावर जाईन, तिथून पुढं जाईन. अन् ते इथंच बसून राह्यतीन. मंग मी तिथं एकली जाऊन काय करू? जिथं टेकले तिथूनच उचलाव लागते त्याहिले. तू टेकवलं, तूच उचल. मी हावो तवरक उचल."

"उचलू काय पन, माय? तिथं काय हाये?"

"तुह्या खांद्याले इचार," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जिमला गेला नाही. त्यानं मायला दोन्ही हातांवर उचललं आणि घराबाहेर पडला. तिच्यात वजन असं उरलंच नव्हतं. गणवेशाच्या कापडाचा तागा तिच्यापेक्षा जड भरला असता. गल्लीभर ती बोलत होती. ह्या घराची सून बाळंतीण आहे, त्या घरानं दार नवं केलं, ह्या अंगणात आपण हळदीला नाचलो होतो. लोक दारात येऊन बघत होते. बघू देत, म्हणाला तो मनाशी.

भाऊसिंगनं दोघांना येताना पाहिलं आणि काही न विचारता गिरणी बंद केली. तो धडधडाट थांबला तशी सगळी आळीच कान टवकारून उभी राहिल्यासारखी झाली. जगदेवनं मायला पायरीवर बसवलं. तिनं पदर नीट केला आणि समोरच्या मोकळ्या जागेकडे बघून म्हणाली, "आला पाहा."

जगदेव त्या जागेपाशी गेला. दोन वर्षांत तो पहिल्यांदा तिथं उभा राहिला होता. त्याला अतोनात लाज वाटली. रिकाम्या रस्त्यावर आपण काय उचलणार, लोक काय म्हणतील? पण आता मागे फिरणंही शक्य नव्हतं. तो खाली बसला. उजवा खांदा पुढे केला. कमर ताठ, टाचा जमिनीला, श्वास भरला आणि उठला.

खांद्यावर काही नव्हतं. तरीही उठताना त्याच्या मांड्या कापल्या, मानेची शीर तटतटली. तो दोन पावलं चालला आणि थांबला, कारण भाऊसिंग गिरणीच्या ओट्यावरून खाली उतरला होता. पिठानं पांढरा झालेला हात त्यानं सदऱ्याला पुसला, जगदेवच्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला आणि आपलाही खांदा किंचित वाकवला.

"एकट्यानं नेत नसतात, जगदेवभाऊ," तो म्हणाला.

दळण आणायला आलेले दोघे जण डबे खाली ठेवून मागच्या बाजूला येऊन उभे राहिले. कोणी कोणाला बोलावलं नाही. चौघांनी पावलाला पाऊल मिळवलं. मधे काही नव्हतं, पण चौघंही त्यात जागा सोडून चालत होते. समोरून आलेली दुधाची मोटारसायकल बंद होऊन कडेला लागली आणि दूधवाल्या पोरानं डोक्यावरची टोपी काढली. जगदेवचा श्वास भरून आला, पण अडकला नाही. कडुनिंबाखाली आल्यावर भाऊसिंग हळूच म्हणाला, "सावकाश. आता टेकवा."

चौघं वाकले आणि चपट्या दगडापाशी टेकवलं.

"बाबा, जा आता," जगदेव म्हणाला आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. मागचे दोघे दुसरीकडे बघत उभे राहिले. उजवा खांदा इतका हलका लागत होता की तो आपला आहे की नाही, हे त्यानं हात लावून पाहिलं.

तो परत आला तेव्हा माय पायरीवर तशीच बसली होती. एकटीच दिसत होती. म्हणजे ती आधीही एकटीच होती, पण ते आत्ता दिसलं.

"टेकले का?"

"टेकले, माय."

"मांगं पाह्यलं का त्याहीनं?"

जगदेवनं नाल्याच्या दिशेनं एकदा पाहिलं. "नाही," तो म्हणाला.

"नाहीच पाहाले पायजे," प्रयागबाई म्हणाली. ती त्या जागेकडे बघत राहिली. गिरणी पुन्हा सुरू झाली, बाया डबे घेऊन पुढे झाल्या. "चाल. ने मले घरी. इथं आता काय काम हाये माहं?"

त्यानं तिला उचललं. वजन तेवढंच होतं. येताना सगळी गल्ली बोलून काढणारी माय जाताना एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर त्यानं तिला सावकाश खाटेवर ठेवलं, तर तिनं त्याची बाही घट्ट धरून ठेवली.

"काही पायजे का, माय? चहा सांगू?"

"नको." तिनं डोळे मिटले. "माहा मानूस दोनदा गेला रे, जगदेव."

बाहेर कोणी गणवेश न्यायला आलं होतं आणि बंद दुकानापुढून हाका मारत होतं. जगदेव खाली जमिनीवर बसला, तिच्या हातात बाही तशीच राहू दिली.