फोनातलं नाणं

झाडं तोडणारे आले त्या सकाळी मथुरा भरडाच्या पायवाटेवर आडवी बसली होती. मसुरे गावाच्या वरच्या अंगाला, शेतावरच्या त्या उतरत्या माळजमिनीत, तिच्या सासऱ्याने लावलेले फणस होते, कवेत न मावणारे.

"उठ गो. मिया शब्द दिलंय तेंका," तिचा नवरा महादू म्हणाला.

महादूचा भाचा सुशांत मालवणात मोबाइलच्या दुकानात कामाला. त्यानेच मामाला पटवलं होतं. लाकडाचा पैसा डिजिटल नाण्यात घालायचा, तो वाढला की लेकीचं, नम्रताचं, नर्सिंगचं शिक्षण पार पडेल.

"तां नाणां दिसता कसां?" झाडं तोडणाऱ्यांबरोबर आलेल्या सुशांतला मथुरेने बसल्या जागेवरूनच विचारलं.

"नाणां दिसत नाय, मामी. आकडो दिसता," सुशांत म्हणाला. "पण सोन्यासारख्याच आसा. सोना जमिनीतसून काढतत, ह्यां कंप्युटरातसून."

"सोना पडला तर वाजता तरी. भात सांडला तर कोंबड्यो खातत. ह्यां सांडला तर खंय पडतला?"

सुशांत हसला. महादू हसला नाही, पण तिच्या बाजूने बोललाही नाही. शेवटी तीच उठली. दुपारपर्यंत भरड उघडा पडला. पिवळंजर्द लाकूड टेम्पोत चढलं आणि कापलेल्या बुंध्यांवर चीक साकळून राहिला.

आकडा मात्र खरंच वाढला. महादू फोन घेऊन चुलीपाशी यायचा, तिला दाखवायचा. पावसाच्या तोंडावर नम्रताची फी भरायची वेळ आली, तेव्हा पैसे निघेनात. आधी कर भरा, असा निरोप आला. महादूने घरात होतं नव्हतं ते भरलं. तरी निघेनात. सुशांत आला आणि पडवीत गुडघ्यांत डोकं घालून बसला.

"मामी, माझे लग्नाचे पैसेव सगळे त्यातच होते."

मथुरेने त्याला पेज वाढली. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी ती महादूला घेऊन पोलीस ठाण्यात गेली. हवालदाराने सगळं नीट ऐकून घेतलं.

"तक्रार लिहून घेतो, काकी. पण खोटं सांगत नाही. असल्या प्रकरणात बहुतेक वेळा नाणं नसतंच. तो आकडा त्यांनीच लिहिलेला असतो."

"म्हणजे आमचा काय गेलाच नाय?" महादूने विचारलं.

"गेलं ना. तुमचे पैसे गेले."

"आनी फणस?" मथुरा म्हणाली. "ते तरी होते मा, सायबानू?"

हवालदाराने लिहिणं थांबवलं. "ते होते," तो म्हणाला.

नम्रता कुडाळात कापडाच्या दुकानात लागली. जाताना आईला म्हणाली, "पुढच्या वर्षी बघया." दोघींनाही ते खरं वाटलं नाही.

श्रावणात पावसाने जोर धरला. भरडावर पाणी अडवायला आता काही नव्हतं. एका सकाळी मथुरा भरडाखालच्या शेतात गेली, तर वरची तांबडी माती वाहून येऊन खालच्या कोपऱ्यात पसरली होती. लावलेलं भात तिच्याखाली गाडलं गेलं होतं. ती चिखलात वाकली आणि हातांनी माती उपसू लागली. उपसलेल्या जागी वरून दुसरी येत होती.

मेरेवर, शेताच्या बांधावर, छत्रीखाली महादू उभा होता. फोन त्याने सदऱ्याच्या आत, भिजू नये म्हणून छातीशी धरला होता.

"मथुरा," तो हळूच म्हणाला, "आज आकडो परत वाढलो गो."

तिने मान वर केली नाही. ओंजळभर माती उचलून तिने त्याच्या पायांपाशी मेरेवर टाकली आणि पुन्हा वाकली.