चिमणीचा आवाज

दूर कुठेतरी कुणी गादी झटकावी तसा एक आवाज झाला आणि पुढे चालत गेलेल्या एका शिकाऊ पोलिसाच्या बुटापाशी वाळूचं लहानसं कारंजं उडालं. उस्तादांना क्षणभर ते सुंदर वाटलं. सकाळचं कोवळं ऊन होतं, वाळूचे कण त्यात चमकत सावकाश खाली येत होते. मग त्यांना दिसलं की रांगेतली सगळी तोंडं उघडी आहेत आणि सगळी त्यांच्याकडेच वळली आहेत.

गोळी कुणालाही लागली नव्हती. बुटापासून वीतभर अंतरावर ती वाळूत शिरली होती.

चांदमारीच्या त्या मैदानावर उस्ताद सव्वीस वर्षं पोलिसांना पिस्तूल चालवायला शिकवत होते. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. मैदानाचे नियम त्यांनीच घालून दिलेले. गोळ्या झाडून झाल्या की पिस्तूल समोरच्या फळीवर ठेवायचं, उस्तादांनी हिरवं निशाण हलवलं की मगच निशाण्यांकडे चालत जायचं. कुणाचं पिस्तूल अडकलं तर हात वर करायचा नाही, कारण दोन्ही हात पिस्तुलावरच हवेत. नळी समोर धरून फक्त ओरडायचं, “अडकली!” ते ऐकलं की निशाण हलत नाही, कुणी जागचं हलत नाही. बाकीच्यांच्या कानांवर जाड रबरी झाकणं असत, म्हणून ऐकायचं काम उस्तादांचं. त्यासाठी ते सव्वीस वर्षं आपला एक कान उघडा ठेवत आले होते.

त्या सकाळी चौथ्या जागेवरची मुलगी ओरडली आणि उस्तादांनी निशाण हलवलं. अडकलेलं काडतूस चार-पाच सेकंद उशिरा पेटलं.

ती मुलगी म्हणजे चिमणी. नाव उस्तादांनीच ठेवलेलं. पहिल्या दिवशी तिनं आपला क्रमांक सांगितला तेव्हा ओठ हलले, पण आवाज काही पोचला नाही. “अगं, पोलीस व्हायला आलीस की चिवचिवायला?” असं म्हणून ते हसले होते. सगळेच हसले. तेव्हापासून ती सगळ्यांची चिमणी झाली.

दुपारी प्रमुख साहेबांनी उस्तादांना बोलावलं आणि बसायला सांगितलं. साहेबांचा आवाज घोगरा, भरदार. तो उस्तादांना नीट ऐकू यायचा.

“कुणाला लागलं नाही, देवाची कृपा. पण कागद करावा लागणार. ती म्हणते, मी ओरडले. बाकी कुणी ऐकलं नाही. आणि आवाजच नाही हो तिला, तुम्हीच तर नाव ठेवलंत! तिला घरी पाठवतो. तुमचे आठ महिने राहिलेत, शेवटी शेवटी डाग कशाला?”

“ती काय म्हणाली साहेब? नक्की?”

“आधी म्हणाली, मी जोरात ओरडले. मग दोघा-तिघांनी विचारल्यावर म्हणाली, कदाचित पुरेशी जोरात नसेन ओरडले.”

उस्तादांनी मान हलवली. मान हलवणं त्यांना छान जमायचं.

घरी आले तेव्हा बायको खिडकीत बसून उशीच्या खोळीला टाके घालत होती. “अहो, ऐकलंत का,” ती म्हणाली. पस्तीस वर्षं प्रत्येक वाक्य ती अशीच सुरू करायची, आणि अलीकडे या तीन शब्दांच्या आधी टेबलावर दोनदा बोटं वाजवायची. ती सवय तिला कधी लागली हे दोघांनाही आठवत नव्हतं.

उस्ताद पलंगावर आडवे झाले. पडदा फुगत होता, पुन्हा भिंतीला चिकटत होता. बायकोची सुई वर येत होती, खाली जात होती. सगळं घर पाण्याखाली ठेवल्यासारखं निवांत होतं, आणि त्या निवांतपणाच्या तळाशी तो रातकिडा किर्र करत होता. गेल्या वर्षी त्याच्यापायी त्यांनी भर दुपारी कपाट सरकवलं होतं, भिंतीचा पोपडा खरवडला होता. बायको झाडू उगारून तयारीत उभी होती. “अहो, मला तर काही ऐकू येत नाही,” असं ती म्हणाली तेव्हा त्यांनी तिलाच सुनावलं होतं, “तुझे कान गेलेत!” ती बिचारी खरंच जाऊन कान तपासून आली. कान ठणठणीत निघाले.

आता त्यांनी दोन्ही कानांवर तळवे घट्ट दाबले. किडा बाहेर राहायला हवा होता. तो आतच होता.

दुसऱ्या दिवशी मैदानावर धोकेबाई आल्या. नोकरीत पोलिसांना होणाऱ्या इजा नि आजार यांवर नजर ठेवायला खात्यानं नुकतीच एक बाई नेमली होती. ती जिन्याच्या पायऱ्या मोजायची, गाड्यांच्या खुर्च्या हलवून बघायची, ‘इथे काय धोका आहे?’ असं ज्याला त्याला विचारायची. म्हणून लोक तिला धोकेबाई म्हणायचे, आणि ते तिला ठाऊक होतं.

दोघं झाडाखालच्या कट्ट्यावर बसली. तिनं विचारलं, उस्तादांनी सांगितलं. निशाण कधी हलवलं, कुठे उभे होते, सगळं. मग तिनं हातातली वही सहज वर धरली, तिच्या चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग झाकला गेला. झाडाची पानं हलत होती. वहीच्या वर तिचे डोळे शांत होते.

उस्तादांनी मान हलवली. “हो.”

तिनं वही खाली घेतली. “मी विचारलं, तुमचं वय किती.”

मैदानाच्या टोकाला एक माणूस फाटके निशाणे काढून नवे चिकटवत होता.

“हे मी लिहिलेलं नाही,” ती म्हणाली, या वेळी त्यांच्याकडे नीट तोंड करून. “तुम्ही सांगाल तेव्हा लिहीन. एक मात्र सांगते. काल त्या मुलीशी बोलले. खोलीचं दार बंद होतं, तरी बाहेरच्या शिपायाला सगळं ऐकू गेलं. खणखणीत आवाज आहे तिचा. तिला चिमणी का म्हणतात, मला कळेना.”

उस्तादांनी चौथ्या जागेकडे पाहिलं.

“अजून एक. माणसं पुढे निघालेली दिसल्यावर तिनं नळी खाली वाळूकडे वळवली. ओरडून काही होत नाही म्हटल्यावर तेवढंच तिच्या हातात होतं. नाहीतर आज आपण दोघं इथे बसलो नसतो.”

कान तपासायची खोली दवाखान्याच्या मागच्या बाजूला होती. दर दोन वर्षांनी उस्ताद तिथे जात आणि पास होऊन येत. त्यात काही जादू नव्हती. तपासणाऱ्या बाई काचेपलीकडे बसत. बटण दाबताना त्यांचा खांदा किंचित वर जाई. खांदा वर गेला की उस्ताद हात वर करत. इतकी वर्षं नेमबाजांचे खांदे वाचणाऱ्या माणसाला ते काय अवघड!

या वेळी त्यांनी आत शिरताच खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली.

“अहो, इकडे बघून बसा ना,” बाई म्हणाल्या.

“नको. आज असंच करा.”

बाईंनी त्यांच्या कानांवर यंत्र चढवलं. समोर पांढरी भिंत होती. बघता बघता त्या भिंतीला खोली आली. बर्फ पडलेल्या माळावर आपण एकटे उभे आहोत असं त्यांना वाटू लागलं, जिथून माणसं, पाखरं, वारा, सगळं केव्हाच निघून गेलं आहे. मधेच खूप लांबून घोगरा भोंगा वाजल्यासारखं झालं. त्यांनी हात वर केला. पुन्हा एकदा केला. मग नुसता माळ. त्या माळावर त्यांना लेक दिसली, पाच वर्षांची, झोपाळ्यावर. ती त्यांना हाक मारत होती, ओठांवरून कळत होतं. तिचा लहानपणचा आवाज आठवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो काही केल्या आला नाही. ते वाट बघत राहिले.

खांद्यावर हात पडला.

“झालं,” बाई म्हणाल्या.

“बारीक आवाज कधी सुरू करणार?”

बाईंनी यंत्र काढून घेतलं. कागदावरची रेघ डावीकडून सरळ निघाली होती आणि अर्ध्यावर कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली गेली होती. “बारीक, उंच आवाज आधी जातात,” त्या हळूच म्हणाल्या आणि मग मोठ्यानं पुन्हा म्हणाल्या. “बायकांचे, मुलांचे. तुमचे आज गेलेले नाहीत हे. दहा-बारा वर्षं तरी झाली असतील. मागच्या वेळी कसे पास झालात?”

“तुमचा खांदा बघून.”

बाई हसल्या नाहीत.

तो कागद घेऊन उस्ताद थेट साहेबांकडे गेले. साहेबांनी वाचला, उलटा करून ठेवला.

“उस्ताद, हा कागद मी बघितलाच नाही असं समजू.”

“साहेब, ती ओरडली. मला ऐकू आलं नाही. दहा वर्षं मी त्या पोरांच्या जिवाशी खेळतोय आणि मला वाटत होतं, मी त्यांना सांभाळतोय.”

“मैदान सुटेल तुमचं.”

“सुटू द्या. आणि एक विनंती आहे. सगळ्यांसमोर सांगायचंय मला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेसमोर उभं राहून त्यांनी सांगितलं. चार वाक्यं होती, पण पाठ केलेली असूनही मधलं एक राहून गेलं. शेवटी ते तिच्याकडे वळले, तिचं नाव घेतलं, खरं, पूर्ण नाव, आडनावासकट. म्हणाले, “तुझं काही चुकलं नाही. ते टोपणनाव मी माझ्या कानांना ठेवायला हवं होतं.” कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मुलगी ताठ उभी होती. डोळे मात्र तिनं आकाशाकडे लावले होते, ते भरून सांडू नयेत म्हणून.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग खोळ बाजूला ठेवून त्यांच्यासमोर येऊन बसली, अगदी गुडघ्याला गुडघा लावून.

“मला ठाऊक होतं,” ती म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले की. किती वेळा बोलले!”

दोघंही हसू लागली, आणि हसता हसता तिनं पदराचं टोक तोंडावर धरलं. मग तिच्या लक्षात आलं आणि ते तिनं खाली घेतलं.

धोकेबाईंच्या अहवालानंतर मैदानावर प्रत्येक जागेवर लाल दिवा लागला. पायानं कळ दाबली की पेटायचा. बेंगरूळ दिसतो, असं जुने लोक म्हणत, पण त्याला ओरडावं लागत नव्हतं. नवे उस्ताद आले, तरुण, दोन्ही कान झाकून शिकवणारे. जुन्या उस्तादांना उरलेल्या महिन्यांसाठी फाटकाजवळची खोली मिळाली. येणाऱ्या प्रत्येकाच्या कानांवर झाकणं नीट बसली आहेत का ते बघायचं. केसांची बट मधे अडकली असेल तर काढायची, सैल असेल तर घट्ट करायची. सगळे डोकं थोडं वाकवून त्यांच्यासमोर उभे राहत.

एका सकाळी ती मुलगी रांगेत पुढे आली. त्यांनी झाकणं उचलली, तेवढ्यात ती काहीतरी बोलली. ओठ हलले. त्यांची मान सवयीनं हलायला लागली होती. ती त्यांनी थांबवली.

“ऐकू नाही आलं,” ते म्हणाले. “पुन्हा सांग.”

मागची रांग थांबली. ती एक पाऊल जवळ आली, उजेडाकडे तोंड केलं आणि घाई न करता बोलली,

“मी म्हटलं, आज वारा उलटा आहे. धूर तोंडावर येणार.”

उस्तादांनी मैदानाकडे पाहिलं. गवत सगळं अलीकडे झुकलं होतं.

“आहे खरा,” ते म्हणाले, आणि तिच्या कानामागची बट अलगद बाजूला केली.